एका पेटीत मावतील एवढ्या रेकॉर्ड

आमची इमारत पुनर्विकासाला गेली आणि घरं रिकामी करायला सहा आठवड्यांची मुदत मिळाली. वसईतल्या माणिकपूरच्या त्या दोन खोल्यांत आम्ही चौतीस वर्षं काढली होती. नवी इमारत उभी राहीपर्यंत स्टेशनच्या पूर्वेला एक लहानसं भाड्याचं घर ठरलं. तिथे काय न्यायचं आणि काय नाही हे बायकोने पहिल्या आठवड्यातच ठरवून टाकलं. शिवणाचं मशीन जाणार, दिवाण जाणार नाही. माझ्याकडे तिने एकच निर्णय ठेवला, तो रेकॉर्डचा.

रेकॉर्ड दोनशे चाळीसच्या आसपास होत्या. हॉलची एक अख्खी भिंत त्यांनी घेतली होती. सुताराकडून करून घेतलेल्या मांडणीत त्या उभ्या असायच्या, पावसाळ्यात बुरशी धरू नये म्हणून मध्ये मध्ये कडुलिंबाचा वाळका पाला ठेवलेला.

"तिकडच्या हॉलमध्ये ही मांडणी ठेवली तर आपण दोघांनी जिन्यात बसायचं का?" बायकोने विचारलं.

"मग?"

"एक पेटी न्या. पलंगाखाली जाईल एवढी. एकच."

तिचं म्हणणं रास्त होतं. मी मापं घेतली. जुन्या लाकडी पेटीत दाटीने भरल्या तर साठ बसत होत्या. बाकीच्या विकायच्या, की साठही न ठेवता सगळ्याच विकायच्या, एवढाच प्रश्न उरला. मी त्यात तीन आठवडे घालवले.

हा संग्रह कसा झाला ते सांगतो. माझे वडील देशावरच्या एका तालुक्याच्या गावी शाळेत शिपाई होते. तास झाल्यावर घंटा तेच द्यायचे आणि मी त्याच शाळेत शिकायचो. आई शाळेत गेली नव्हती. शिक्षकांनी मला पुढे ढकललं, पुस्तकं दिली, जिल्ह्याच्या गावी कॉलेजात पाठवलं. त्यांचं माझ्यावर ऋण आहे आणि ते मी कधी नाकारलं नाही. कॉलेजात आमचे एक प्राध्यापक रविवारी सकाळी चार-पाच विद्यार्थ्यांना घरी बोलावून रेकॉर्ड ऐकवत. सतरंजीवर सगळे डोळे मिटून बसत, म्हणून मीही मिटत असे. गाणं नीट ऐकू येतंय ना, यापेक्षा आपण सगळ्यांच्या आधी डोळे उघडत नाही ना, याची मला काळजी असायची. मधूनमधून किलकिले करून बघायचो. तिथेच सर एकदा म्हणाले होते, की शिकलेल्या माणसाच्या घरी पुस्तकं असावीत तशा रागसंगीताच्या चार रेकॉर्ड असाव्यात. मी ते वहीत लिहून घेतलं.

नोकरी लागल्यावर मी रेकॉर्ड घ्यायला लागलो. माझा एक नियम होता. एक आवडीची घेतली की पुढची अभ्यासाची. आवडीच्या म्हणजे लावण्या, भावगीतं, नाटकांतली पदं, सिनेमाची गाणी. अभ्यासाच्या म्हणजे खयाल, सरोद, सतार, ज्यांत एका बाजूला एकच राग वीस-बावीस मिनिटं चालतो. नियम मी प्रामाणिकपणे पाळला. म्हणून मांडणीत जवळजवळ निम्म्या आवडीच्या आणि निम्म्या अभ्यासाच्या होत्या. पाहुणे आले की त्यांची नजर अभ्यासाच्या रांगेकडे जावी अशी ती रांग लावलेली होती.

घेणारा माणूस मला वटारच्या एका मित्राने सुचवला. तो माझा ऑफिसातला जुना सहकारी. त्याने आपल्या चर्चच्या बँडची जुनी वाद्यं याच माणसाला दिली होती. घेणाऱ्याचं भिवंडीच्या रस्त्यावर कामणला गोदाम आहे. जुने टाइपरायटर, रेडिओ, आरामखुर्च्या तो तिथे साठवतो आणि फोनवरून देशभर विकतो. वय पस्तिशीचं असेल. रविवारी सकाळी आला, चप्पल बाहेर काढली, पाणी प्यायला आणि खिशातून लहान टॉर्च काढून मांडणीपुढे मांडी घालून बसला.

त्याची पद्धत बघण्यासारखी होती. रेकॉर्ड कव्हरातून काढायची, दोन्ही तळव्यांत कडांनी धरायची आणि टॉर्चचा उजेड तिरका पाडायचा. अर्ध्या मिनिटात एक. त्याने दोन गठ्ठे करायला सुरुवात केली. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की अभ्यासाच्या सगळ्या त्याच्या उजव्या हाताला जात आहेत.

"काका, ह्या कधी वाजवल्यात का?"

"वाजवल्यात."

"खरं सांगा."

"सुरुवातीची पाच-सात मिनिटं."

तो हसला. "तेच म्हटलं. सुईचा ओरखडा नाही. अशीच माणसं शोधत असतो मी, ज्यांनी घेतल्या आणि ऐकल्या नाहीत. ह्या सगळ्या नेतो. डोळे झाकून."

"आणि ह्या?" मी डावीकडच्या गठ्ठ्याकडे बोट केलं.

"ह्यांचा जीव गेलाय, काका. किती घासल्यात! सुई पार आरपार जाईल." त्याने एक लावणीची रेकॉर्ड उजेडात फिरवली. "पण नेतो मी ह्याही. कॅफेवाले घेतात. मध्ये मशीन बसवायचं, काटे लावायचे, भिंतीवर घड्याळ."

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "वेळ तरी बरोबर दाखवतात का?"

"सेल असेपर्यंत दाखवतात, काकी."

"मग आमच्याकडे होत्या तेव्हापेक्षा बऱ्या. इथे त्या लागल्या की ह्यांना वेळ कळायचीच नाही."

मग खालच्या फळीतून त्याने एक भावगीतांची रेकॉर्ड काढली आणि टॉर्च जवळ नेला. मधल्या कागदी लेबलाच्या बाहेर, जिथे गाणी संपतात आणि गुळगुळीत काळा पट्टा असतो, तिथे काही कोरलेलं होतं. त्याने ते सावकाश वाचलं. माझं नाव, पुढे बी.ए., मग गावाचं नाव.

"हे कोणी खोदलं?"

"भांड्यांच्या दुकानात घातलंय."

"रेकॉर्डवर?"

"आईने घालून घेतलं. अशा अकरा आहेत."

त्याने त्या अकराही काढून पाहिल्या. टॉर्च बंद केला. "काका, तीस वर्षं झाली आमच्या घरात हा धंदा. असं कधी नाही पाहिलं." तो चेष्टा करत नव्हता. त्याला खरोखर नवल वाटलं होतं.

त्याला मी थोडक्यात सांगितलं, इथे जरा सविस्तर सांगतो. नोकरीच्या सुरुवातीला मी वसईत तिघांत एका खोलीवर राहायचो. रेकॉर्ड आणि प्लेअर गावी आईकडे असत. गावात रेकॉर्ड आणि प्लेअर आणखी दोनच घरांत होते. त्यामुळे लग्नात, गणपतीत लोक रेकॉर्ड मागून न्यायचे आणि आई द्यायची. एकदा परत आलेल्या कव्हरात दुसऱ्याच कोणाची तरी रेकॉर्ड निघाली. आईला ते फार लागलं. आमच्याकडे पातेलं शेजारी गेलं तरी परत येतं, कारण त्यावर नाव असतं. लग्नात, बारशात, वास्तुशांतीला आलेल्या प्रत्येक भांड्यावर देणाऱ्याचं नाव आणि निमित्त कोरलेलं असतं. लोक न्यायचे त्या अकरा रेकॉर्ड तिने कापडी पिशवीत घातल्या आणि बाजारातल्या भांडीवाल्याकडे गेली. त्याच्याकडे नाव घालायचं विजेवरचं मशीन होतं.

मी सुटीत गेलो तेव्हा तिने त्या मला दाखवल्या.

"आता कुठंबी जाऊ देत," ती म्हणाली. "भांडी डागांवरनं तरी वळखू येत्यात. ह्या समद्या काळ्याच. कुणाची कुणाला गेली कसं कळायचं?"

"आणि बी.ए. कशाला घातलंस?"

"त्यो म्हणाला, निमित्त काय घालू? भांड्यावर घालत्यात तसं. म्या म्हटलं, पोरगं बी.ए. झालं असं घाल. त्यो म्हणाला एवढी जागा न्हाई, मावशी. मग जेवढं मावलं तेवढं घातलं."

तिला वाचता येत नव्हतं, म्हणून तिने अक्षरांवरून बोट फिरवून सगळ्या अकरांवर तितकंच कोरलंय याची खात्री करून घेतली होती. कोरणाऱ्याने काम नीट केलं होतं. फक्त अक्षरांच्या वेलांट्या वर चढून शेवटच्या दोन-तीन वळणांत घुसल्या होत्या. त्यामुळे प्रत्येक रेकॉर्डचं शेवटचं गाणं संपत आलं की सुई उडी मारते आणि समेवर यायच्या आत गाणं थांबतं. मी आईला "बरं केलंस" म्हणालो. पण वसईत घर झाल्यावर त्या अकरा खालच्या फळीत, भिंतीच्या बाजूला ठेवल्या, आणि पाहुणे असताना कधी लावल्या नाहीत. भांडीवाल्याच्या अक्षरातलं ते बी.ए. कोणी वाचू नये असं मला वाटायचं. ही गोष्ट मला भूषणावह नाही, पण तशी होती.

घेणाऱ्याने अकरा रेकॉर्ड बाजूला ठेवल्या. "ह्या घड्याळालाही नाही चालणार. कोणी दुसऱ्याच्या नावाचं घड्याळ लावत नाही." उरलेल्या अभ्यासाच्या सगळ्या आणि घासलेल्यांपैकी मी देईन त्या, असं ठरवून तो पुढच्या रविवारी टेम्पो घेऊन येतो म्हणाला.

"सुटलात," बायको म्हणाली. "ज्या तुम्ही ऐकत नाही त्या तो नेतोय. ज्या ऐकता त्यांतल्या साठ पेटीत घाला. तुम्हालाच कळत नव्हतं, त्याने येऊन करून दिलं."

हिशेबात खोट नव्हती. मी संध्याकाळी पेटी पुसली आणि लावण्यांपासून भरायला घेतलं. दहा-बारा भरल्यावर थांबलो. प्रत्येक रेकॉर्ड हातात घेतली की ती पहिल्यापासून शेवटपर्यंत डोक्यात वाजत होती, मधल्या खरखरीसह. कोणत्या कडव्याआधी सुई अडखळते तेही येत होतं. ती ठेवून मला नवं काही मिळणार नव्हतं.

मग उजवीकडच्या गठ्ठ्यातली वरची रेकॉर्ड काढली आणि लावली. ती सरोदची होती. कामणहून माणूस येऊन जे डोळे झाकून नेणार आहे ते काय आहे, एवढंच बघायचं होतं. पाच-सात मिनिटांनी नेहमीसारखा हात प्लेअरकडे गेला, पण या वेळी मी तो मागे घेतला. पूर्ण बाजू ऐकली. फारसं काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच पुन्हा लावली. तिसऱ्या दिवशी एके ठिकाणी वाजवणारा खाली उतरणार असं मला वाटलं आणि तो उतरला. गणित सुटल्यावर शाळेत वाटायचं तसं काहीसं वाटलं. चाळीस वर्षं मी या रेकॉर्ड दाखवायला ठेवल्या होत्या. सरांनी त्या घरी असाव्यात म्हटलं होतं, तेवढं मी केलं होतं. ऐकाव्यात हे त्यांनी वेगळं सांगितलं नसावं, कारण ते सांगायची गोष्ट आहे असं त्यांना वाटलं नसेल.

शनिवारपर्यंत मी पेटी पुन्हा भरली. साठ अभ्यासाच्या, न ऐकलेल्या.

बायकोने झाकण उघडून पाहिलं. "ह्यात तुमच्या आवडीची एकही नाही."

"नाही."

"डोकं ठिकाणावर आहे ना?"

मी तिला सरोदचं सांगितलं. तिने मान हलवली, पण वाद घातला नाही. मग खाली बसून त्या अकरा उचलल्या आणि तांब्या-पितळेची भांडी भरत होती त्या खोक्यात, दोन परातींच्या मध्ये, जुन्या साडीत गुंडाळून ठेवल्या.

"एक पेटी म्हणाली होतीस."

"ह्या मी पेटीत कुठे धरल्या? नाव घातलेलं भांडं आपण मोडीत देत नाही. सासूबाईंनी भांडी समजूनच दिली ना दुकानात? मग भांड्यांतच जाऊ देत."

रविवारी टेम्पो आला. घेणाऱ्याने गठ्ठे पाहिले आणि पेटीचं झाकण उघडून वरच्या दोन-तीन रेकॉर्ड काढून पाहिल्या.

"काका, चांगला माल तुम्ही पेटीत ठेवलाय."

"अर्धा तुमचा आहे की."

"पण विकायच्या त्या ठेवताय आणि ठेवायच्या त्या विकताय. कोणी करत नाही असं. बदलून घ्या. लावण्यांची आख्खी लाइन ठेवा, मी काही बोलणार नाही. मी तुमच्याच भल्याचं सांगतोय."

तो खरोखर माझ्या भल्याचं सांगत होता. मी नको म्हणालो. त्याला कारण सांगायचा प्रयत्न केला, की त्या मला पाठ आहेत. तो म्हणाला, पाठ असलेलीच गाणी लोक ऐकतात. त्याने उरलेल्या अभ्यासाच्या नीट कागदात बांधल्या. घासलेल्या तशाच पोत्यात उभ्या केल्या. टेम्पोत चढवताना मी हात लावला. लावण्यांचं पोतं मीच आत सरकवलं. वाईट वाटेल असं धरून चाललो होतो, तेवढं वाटलं नाही. टेम्पो भिवंडीच्या रस्त्याला लागेपर्यंत मी वर येऊन मांडणीचे खिळे काढायला लागलो होतो.

नव्या घरात पेटी पलंगाखाली आहे. सकाळी भाजी आणून झाली की मी एक रेकॉर्ड लावतो, पूर्ण बाजू. डोळे मिटत नाही. बायको तिथेच बसून भाजी निवडते आणि मधून विचारते, "कळलं का काही?"

"थोडं."

"मग परत लावा, नाहीतर काढा. मधल्या मधे नका बसू."

आतापर्यंत एकवीस ऐकून झाल्या. दोनतीन पुन्हा पुन्हा लावाव्याशा वाटतात. बऱ्याचशा अजून कळायच्या आहेत. त्यातली एक, जिचं कव्हर मी पाहुण्यांना सर्वांत जास्त वेळा दाखवलं, ती तीनदा लावून पाहिली. मला अजिबात आवडली नाही. हे मी कालपर्यंत कोणाला सांगितलं नसतं. काल सकाळी बायकोला सांगितलं, आणि दुपारी वटारच्या मित्राला फोन करून त्यालाही.