कलशबाई

वनस्पतिशास्त्राच्या आमच्या बाई चालताना समोर कधीच बघायच्या नाहीत. नजर कायम भिंतीच्या बुडाशी, ओलीच्या शोधात. पंचवटीच्या भर गर्दीत त्या एकदम खाली बसत आणि मागच्या रिक्षावाल्यांची बोलणी मी खात असे. मी त्यांची जुनी विद्यार्थिनी, पुढे त्यांच्याच हाताखाली शिकवायला लागलेली.

'कलशबाई' हे नाव मुलांनी ठेवलेलं. मॉस (ओल्या भिंतीवर उगवतं ते शेवाळासारखं हिरवं), नेचे यांच्यातल्या मादी अवयवाला, आर्किगोनियमला, त्या कलश म्हणत. वर निमुळती मान, खाली फुगीर पोट, आत एकच अंडपेशी. आकृतीत कुणी मानेचं तोंड बंद काढलं की संपलं! "अरे, नरपेशी पोहत येऊन आत शिरणार कुठून? तुझ्या डोक्यातून?"

एकदा कॉलेजात तपासणी समिती येणार होती. प्रयोगशाळेमागची मॉसने हिरवी झालेली भिंत घासून रंगवायची ठरली. बाई तिथे स्टूल टाकून बसल्या. प्राचार्यांनी अर्थातच मला पाठवलं.

"बाई, उठा ना. उद्या समिती येतेय."

"येऊ दे. पाऊस आहे, कलश उघडलेत. पाण्याशिवाय मीलन होत नाही यांचं. बीजाणूंची बोंडं धरली की खुशाल रंगवा."

"सर माझ्यावर ओरडतील हो!"

"ओरडू दे. तुला सवय आहे."

भिंत तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी बाईंनी समितीच्या अध्यक्षांनाच भिंग देऊन त्या चिखलात उकिडवं बसवलं. जेवण गार झालं. बोलणी मला.

निवृत्तीनंतर तरी सुटेन असं वाटलं होतं. कसलं काय! मागच्या पावसाळ्यात फोन आला, "त्र्यंबकच्या डोंगरावर जातेय."

"एकट्या जाऊ नका. रविवारी मी येते."

"आणि रविवारपर्यंत ऊन पडलं तर?"

त्या गेल्याच. निसरड्या कातळावरून घसरल्या, खुबा मोडला. हॉस्पिटलात त्यांना पाहिलं आणि माझा तोल सुटला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी त्यांच्यावर ओरडले. वय काय, हट्ट काय, आमचा काही विचार आहे की नाही, सगळं काढलं.

"झालं?" त्या म्हणाल्या. "बस आता. घसा सुकला असेल. पाणी पी."

ऑपरेशननंतर छातीत कफ साठला आणि त्यातून त्या उठल्या नाहीत.

माझं अजून निम्मंसुद्धा बोलून झालं नव्हतं.