सेक्रेटरींची बाग

नाहूरला आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर सेक्रेटरींनी बाग केली होती. कढीपत्ता, मोगरा, वांगी, आणि झाडांना पाणी घालायला तीन निळे ड्रम. गच्चीला कुलूप, चावी त्यांच्याकडे. पालिकेचा डासवाला टॉर्च घेऊन आला की हे जिन्यातूनच सांगायचे, "वर सगळं साफ आहे, मी स्वतः बघतो." तो वहीत काहीतरी खरडून जायचा. मी हे दोनदा पाहिलं आणि बँकेत उशीर होतोय म्हणून गप्प निघून गेले.

त्या पावसाळ्यात माझी धाकटी बहीण पाय मोडून माझ्याकडे आली होती. आमचा चौथा मजला, लिफ्ट नाही. महिनाभर तिने उंबरा ओलांडला नव्हता. ताप आला तेव्हा म्हणाली, "व्हायरल असेल गं ताई." पाचव्या दिवशी ताप उतरला, मी हुश्श केलं, तिला मऊ भात भरवला. त्याच दुपारी तिचं पोट दुखायला लागलं, हातपाय गार पडले. डेंग्यूत ताप उतरतानाच जास्त जपावं लागतं, हे मला हॉस्पिटलात कळलं. दोन दिवसांनी ती गेली. एकतीस वर्षांची होती.

तिच्या जलदानविधीला सेक्रेटरी आले. हात जोडून म्हणाले, "स्टेशनवर वगैरे चावला असेल हो मॅडम. किती घाण असते तिथे."

"काका, ती महिनाभर या घरातून बाहेर पडली नव्हती."

ते चहा तसाच ठेवून उठले. मी ठरवलं, या माणसाला सोडायचं नाही.

दुसऱ्याच दिवशी वॉर्ड ऑफिसात लेखी तक्रार दिली आणि रोज तिथे जाऊन बसले. चौथ्या दिवशी डासवाला आला, सोबत त्याचा साहेब. सेक्रेटरी म्हणाले, चावी सापडत नाही.

"मग कुलूप तोडू," मी म्हटलं. "गच्ची सोसायटीची आहे, तुमची नाही."

चावी लगेच सापडली. डासवाल्याने ड्रममध्ये डाव बुडवून पाणी पांढऱ्या वाटीत ओतलं. अळ्या नुसत्या वळवळत होत्या. "डेंग्यूच्याच डासाच्या आहेत," तो हळू आवाजात म्हणाला. मी वाटी सेक्रेटरींच्या नाकापाशी धरली. त्यांनी मान फिरवली. मी वाटी त्या बाजूला नेली.

ड्रम ओतले, पालिकेने खटला भरला. तारखेला मी रजा काढून कोर्टात मागच्या बाकावर बसले. त्यांनी चूक कबूल केली, दंड भरला आणि पाच मिनिटांत बाहेर आले. पाच मिनिटं! कुणीतरी माझ्या बहिणीचं नाव घेईल असं मला वाटलं होतं. कागदात फक्त ड्रम होते.

मग मी सोसायटीच्या सभेत उभी राहिले. सगळं सांगितलं, मी स्वतः दोनदा गप्प बसले तेसुद्धा. त्यांना पद सोडावं लागलं आणि ते मी मागून घेतलं. आता दर शुक्रवारी टॉर्च घेऊन मी घरोघरी फिरते. कुंड्यांखालच्या बश्या, मनी प्लांटच्या बाटल्या, कूलर. लोक वैतागतात, पण दार उघडतात. सुरुवात मी नेहमी जुन्या सेक्रेटरींच्या दारापासून करते. त्यांच्याकडे काही सापडत नाही, तरी सगळ्यात जास्त वेळ तिथेच थांबते. त्यांची बायको माझ्याशी बोलत नाही.

गेल्या महिन्यात ते सोफ्यावरून उठले. खूप थकलेत. म्हणाले, "चुकलं माझं, मॅडम. खरंच चुकलं."

इतक्या दिवसांत मला ते पहिल्यांदा म्हणाले होते. त्यांचे डोळे भरले होते. मला बरं वाटलं, आणि अजून थोडे भरावेत असंही वाटलं.

"फ्रिजमागचा ट्रे काढा," मी म्हटलं. "पाणी बघायचंय."