शंकासुराचं कुंपण

टोकरखाड्याच्या आमच्या सरकारी क्वार्टरला कुंपण नव्हतं आणि नवऱ्याच्या डोक्यात शंकासुराच्या झाडाने घर केलं होतं. बकऱ्या त्याला तोंड लावत नाहीत आणि लाल-पिवळ्या फुलांना खंड नाही, एवढ्यावर स्वारी खूश. कचेरीच्या आवारातल्या वाळक्या शेंगा खिशात भरून आणायचा. पहिलं बी त्याने तसंच पेरलं, ते उगवलंच नाही. मग कुणाचं तरी ऐकून प्रत्येक बीची कड फरशीवर घासली, रात्रभर कोमट पाण्यात ठेवलं आणि कोंब येईपर्यंत ओल्या फडक्यात बांधलं. फडकं माझ्या जुन्या पातळाचं. त्याच पातळाच्या दुसऱ्या तुकड्यात मी बिरड्यासाठी कडवे वाल बांधले होते. दोन्ही पुरचुंड्या ओट्यावर शेजारी शेजारी.

मला पाचवा महिना होता. आधीची दोन बाळं पोटातच गेली होती, म्हणून डॉक्टरीणबाईंनी पडून राहायला सांगितलं होतं. त्या दोघांबद्दल आम्ही नवराबायको कधी बोललो नाही. मी भीती गिळायची आणि नवऱ्याच्या झाडांवर तोंडसुख घ्यायचं, असं चाललं होतं.

रविवारी सकाळी त्याने एक पुरचुंडी उचलली, दारापुढे ओळीने बी लावलं आणि सायकलवरून अथालला शेणखत आणायला गेला. स्वयंपाकाला शेजारीण आली. धुळ्याकडची, तिचा नवरा नरोलीच्या कारखान्यात. बिरडं तिने जन्मात केलं नव्हतं. मी खाटेवरून सांगत गेले आणि तिने वर आपल्या हाताने काळा मसाला घातला. माझ्या माहेरी कुणी ते ताटात घेतलं नसतं. मी वाटीभर खाल्लं. कडसर लागलं, पण कडवे वाल कडूच लागायचे.

भांडी घासताना ती म्हणाली, "ताई, तुमचे वाल लई कडक व्हते. सालं निघता निघेना."

मी खाटेवर उठून बसले. दाणा कसा होता, मी विचारलं. चपटा, तपकिरी, ती म्हणाली. शंकासुराचं बीही चपटं आणि तपकिरीच. मी शंकासुराचं नाव काढलं तशी तिने हातातलं पातेलं खाली ठेवलं. तिच्या गावी गरोदर बाईला त्या झाडाला हातही लावू देत नाहीत, असं ती हळूच बोलली. पातेलं घासून झालं होतं, सालं पाण्याबरोबर गटारात गेली होती. बघायला काही उरलं नव्हतं.

उरलं होतं ते फक्त मातीत. तिथे वाल निघाले, तर माझ्या पोटात काय गेलं ते ठरलं. डॉक्टरीणबाईंची ताकीद विसरून मी उलथनं घेतलं आणि बाहेर जाऊन बसले. पहिलं बी हाताला लागलं. कड घासलेली. शंकासूर.

सुटले असं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. हे एखादंच इकडे आलं असेल. म्हणून दुसरं उकरलं, मग तिसरं. शेजारीण मागे उभी राहून उठा म्हणून विनवत होती, पण ओळ संपेपर्यंत मी थांबले नाही. सगळा शंकासूरच होता. वाल नुसतेच जून निघाले होते. माझ्या हातून शंकासुराचे सगळे पांढरे कोंब मोडले.

नवरा आला तेव्हा मी तिथेच बसलेली. शेजारणीने त्याला काय ते सांगितलं आणि ती घरी गेली. मला वाटलं, आता चिडेल. त्याने फक्त विचारलं, दुखतंय का. नाही म्हणाले, आणि मग इतके दिवस गिळलेलं तोंडातून निघून गेलं.

"हेही गेलं तर मला नाही सोसवणार."

तो माझ्याजवळ मातीत बसला.

"म्हणून तर मी बाहेर झाडं लावत बसतो," तो म्हणाला. "घरात पाऊल टाकताना रोज भीती वाटते, आज काय ऐकायला मिळेल याची."

शेणखताचं पोतं सायकलवरच राहिलं. अजून चार महिने काढायचे होते. ते आम्ही दोघांनी मिळून भीत भीत काढले.