फोनमधला पिवळा फ्रॉक

आधीच सांगते, मी त्या बाईला माफ केलेलं नाही. लोक म्हणतात, आजी, वय झालं तुमचं, आता सोडून द्या. वयाचा आणि सोडून देण्याचा काय संबंध? गुडघे गेलेत माझे, राग शाबूत आहे.

नातीला प्ले ग्रुपमध्ये घालायचं होतं. माझ्या मनात आमच्या पंचवटीतल्याच एका बाईंची बालवाडी होती. त्यांच्या घराच्या ओसरीत भरते, दार सताड उघडं, येता-जाता मुलं दिसतात. सुनेला मात्र गंगापूर रोडची नवी शाळा आवडली. दारात प्लास्टिकचा जिराफ, आत थंडगार, आणि मुख्य म्हणजे कॅमेरा. "अहो आई, ऑफिसात बसून मला ती फोनवर लाइव्ह दिसेल!" तिचंही खरंच होतं. पोर झोपेत असतानाच ती कामाला निघते. मी म्हटलं, घाल बाई. आधी थोडे दिवस मूल बसवून बघा, मग प्रवेश पक्का करा, असं शाळेचंच म्हणणं होतं.

पहिला आठवडा पोरगी उड्या मारत गेली. मग गप्पच झाली. जेवेना. आणि घरी शू लागली की पाय आवळून माझ्यासमोर उभी राहायची, "आजी, जाऊ?" अगं, आपल्या घरात कसली परवानगी? संध्याकाळी सुनेला सांगितलं की ती ऑफिसात फोनवर टिपून ठेवलेलं पुढे करायची. "बघा ना आई, किती हसतेय."

एक दिवस सुनेला बरं नव्हतं. उशिरा उठून माझ्याजवळ येऊन बसली नि फोन दाखवायला लागली. "हे बघा, आत्ताचं." नात पिवळ्या फ्रॉकमध्ये चेंडूंच्या ढिगात लोळत होती.

मी हातातली मेथी खाली ठेवली. "आज मी तिला निळा घातलाय."

"तुम्ही विसरला असाल, आई."

"पिवळा दोरीवर वाळतोय. जाऊन बघ."

ती जाऊन आली ती पिवळा फ्रॉक हातात घेऊनच. म्हटलं, तू पड, मी जाते. रिक्षा केली. दारातली आया अडवायला लागली, मी तिला बाजूला सारून आत. बाकीची मुलं टीव्हीपुढे बसवलेली, आणि आमची बाथरूमपाशी, भिंतीकडे तोंड करून, ओल्या फ्रॉकमध्ये.

"टाइम झाल्याबिगर शूला सोडत नाय आम्ही," आया म्हणाली. "लागंल तिला सवय."

माझ्या हाताला इतकी खाज सुटली म्हणून सांगू! पण मी गोड आवाजात म्हटलं, "हिला ताप वाटतोय, घरी नेते."

संध्याकाळी मुलगा चप्पल घालून भांडायला निघाला. त्याला खाली बसवलं. "आत्ता गेलास तर शाळेची मॅडम दार लावून सॉरी म्हणेल आणि उद्या दुसऱ्याला तेच दाखवेल. शनिवारी नव्या पालकांची मीटिंग आहे ना? तोपर्यंत सगळ्यांनी तोंडं बंद ठेवायची."

शनिवारी ठेवणीतली साडी नेसले. शाळेच्या वरच्या हॉलमध्ये नातीला मांडीवर घेऊन पहिल्याच रांगेत बसले. मॅडमनी आम्हाला ओळखलंसुद्धा नाही. "आमच्याकडे लपवाछपवी नाही," त्या म्हणाल्या. "ही बघा, खाली मुलं खेळतायत. लाइव्ह, आत्ता, या क्षणी!" मोठा टीव्ही लागला. चेंडू, हसणारी पोरं, पिवळा फ्रॉक.

"आजी, मी!" नात ओरडली.

मी तिला कडेवर घेऊन उभी राहिले. "मॅडम, ही जर खाली खेळतेय, तर माझ्या कडेवर कोण आहे?"

आधी लोक हसले. मग कुणीच हसेना. मॅडम "टेक्निकल, टेक्निकल" करत रिमोट दाबत राहिल्या. मागून एक वडील म्हणाले, "चला हो, खालीच जाऊन बघू." सगळे धडाधड जिना उतरले. मी नाही उतरले. मला त्या बाईचं तोंड बघायचं होतं. पोटभर बघितलं.

पुढच्या आठवड्यात ती पेढे घेऊन घरी आली. "आजी, चूक स्टाफची होती. तुम्ही जाल तिथे सांगताय, ते जरा थांबवाल का?" मी पाणी दिलं, बसवलं, आणि जाताना पेढ्यांचा बॉक्स तिच्याच हातात परत दिला.

नात आता ओसरीतल्या बालवाडीत जाते, मजेत असते. सून म्हणते, "झालं ना आई आता?" झालं कुठे? परवा पुन्हा ती पाय आवळून समोर उभी. "आजी, जाऊ?" म्हटलं, "पळ गं, मला कशाला विचारतेस!" ती पळाली.

मग मी भाजी आणायला गेले. तिथे एक तरुण आई भाजीवालीला विचारत होती, लेकराला कुठल्या शाळेत घालू. मी पिशवी खाली ठेवली आणि तिला सगळं पहिल्यापासून सांगितलं.