मान सरळ ठेव

घड्याळजीला बारीक स्क्रू दोन-दोन दिसायला लागले, तेव्हा त्याने डोळ्याला लावायचं भिंग तीनदा बदललं आणि विकणाऱ्याच्या नावाने बोटं मोडली.

"काका, सरकलंय ते तुमच्या डोळ्यातलं भिंग," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्याला धरून ठेवणारे धागे जन्मापासून कच्चे आहेत. ही उंची, ही लांबसडक बोटं, सगळं त्यातलंच. रक्तातून पुढे जातं हे."

घड्याळजीने वळून पाहिलं. शेजारी त्याची ताडमाड लेक भिंतीवरचा तक्ता वाचत होती, मान डावीकडे कलवून. त्या मानेपायी त्याने तिला लहानपणी किती टपल्या मारल्या होत्या!

"मान सरळ ठेवून वाच बरं," बाई म्हणाल्या.

"सरळ ठेवली की दोन-दोन दिसतं," लेक म्हणाली. "बाबांना तेव्हाच सांगितलं होतं."