पाण्याला पत्ता देणारा पुंजाराम

विंचूरच्या पुंजारामने उभ्या जन्मात एकोणतीस विहिरी खोदल्या आणि नेम एकच पाळला. कपारीतून झरा फुटला की घण खाली, चपला बाहेर, खडकाला डोकं टेकायचं आणि शिवारभर ऐकू जाईल असं ओरडायचं, "लागलंऽऽ पाणी!" मग वर नारळ फुटायचा, गूळ वाटला जायचा.

पुढे बोअरच्या गाड्या आल्या आणि विहिरींची कामं आटली. पुंजारामने विहिरीतला दगड-गाळ वर ओढायची यारी विकून टाकली. भाचा समाधान मुंबईत भुयारी रेल्वेच्या कामावर होता. तो म्हणाला, "चल मामा, तिथंबी खडकच फोडायचाय. फक्त हीर आडवी हे."

आडवी विहीर पुंजारामला पटली. पंधराव्या दिवशी, जमिनीखाली सत्तर फुटांवर, समोरच्या भिंतीतून बोटाएवढी धार सुटली. झालं! गड्याने बूट काढले, हेल्मेट काढलं, डोकं टेकलं आणि भुयार घुमवत पळत सुटला, "लागलंऽऽ पाणी! आरं, नारळ आना कुनीतरी!"

सुपरवायझरने कपाळ बडवलं. "ओ चाचा, नाचता क्या है? इधर पानी मतलब लफडा!"

सिमेंट भरणारी टोळी धावली, धार बुजली. पुंजाराम अनवाणी तसाच उभा. "कल साहब आएगा, फैसला करेगा," सुपरवायझर म्हणाला. पुंजारामने खोलीवर जाऊन पिशवी भरून ठेवली. पण जायचं कुठं? गावात मळा कोरडा पडलेला, आणि त्याच्या हाताला काम उरलंच नव्हतं.

सकाळी साहेब आले. "धार आधी कोणी पाहिली?"

"ये नारियलवाला."

"आणि तुम्ही?"

सुपरवायझर खाली बघत पुटपुटला, "इसका आवाज सुना, तब."

साहेब हसले. "मग याला घरी कशाला पाठवता? पाण्यावरच ठेवा. आणि काका, बूट घालून ओरडायचं, काय?"

चार वर्षं पुंजाराम भिंतींना कान लावत फिरला. बूट घालूनच ओरडायचा. पण टोळी येईपर्यंत हळूच हात जोडून काहीतरी पुटपुटायचा.

गाडी सुरू झाल्यावर तो बायकोला, भागुबाईला, घेऊन गेला. सरकत्या जिन्यावर तिने त्याचा दंड असा आवळला की वळ उठले. डबा गारेगार. कुणी मोबाइलमध्ये, कुणी पेंगतंय. एका ठिकाणी पुंजारामने काचेकडे वळून हात जोडले.

"आता इथं कोन देव हे?"

"भिंतीमागं पानी हे. त्याच्यामुळं मला ठेवून घेतलं."

"धन्य तुमची! जन्मभर त्याला ये ये केलं, आन् इथं दार लावून घेतलं!"

"तसंच नाय लावलं गं. दर खेपेला पत्ता सांगायचो. म्हनायचो, माय, इथं तुझा खोळंबा होतोय, विंचूरला जा. तिथं लय वाट पाह्यत्यात तुझी."

पदर सारखा करून भागुबाईनेही काचेला हात जोडले आणि सगळ्या डब्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "आन् आधी आमच्या मळ्यात ये गं माय!"