अर्थिंगबाई आणि मखमली पिशवीतली केबल

तिला सगळे अर्थिंगबाई म्हणत. कोणाच्याही घरी गेली की चप्पल काढता काढताच ती विचारायची, "मेन बोर्ड कुठाय? आधी अर्थिंग बघते." पंखा बिघडलेला असो नाहीतर बेल, सुरुवात हीच. कोणी म्हणालं, अहो बाई, नुसतं बटण बदलायचंय, तर ती म्हणे, "बदलते की. अर्थिंग बघून झालं की बटण."

या घरोघरच्या कामाआधी बावीस वर्षं ती ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात होती. सुरुवातीला तारा गुंडाळायला, मग टेस्टिंगला. ट्रान्सफॉर्मर चालू केला की तो गुणगुणतो, आणि आतले पत्रे ढिले राहिले असतील तर त्या गुणगुणीत एक खरखर येते. ती हिला दहा पावलांवरून कळायची. इंजिनिअर मीटर घेऊन येईपर्यंत हिने खडूने फुली मारलेली असे. कारखाना दूर हलला तेव्हा तिचा नवरा, जो घरीच शिलाईकाम करायचा, तिला म्हणाला, "तू दिवसभर घरात बसलीस तर माझ्या मशीनचा आवाज ऐकून मलाच फुली मारशील. बाहेरचं काम बघ." तिने परीक्षा दिली, परवाना काढला आणि घरांच्या वायरिंगची कामं घ्यायला लागली. पहिली दोन वर्षं लोक दारातच विचारायचे, "मिस्टर कधी येतायत?" ती शांतपणे सांगायची, "ते आले तर पडदे शिवून देतील. वायरिंग मी करते."

एके दिवशी तिला दातांच्या डॉक्टरांचा फोन आला. खाली त्यांचा दवाखाना, वर घर. दिवसभर कानाशी दात कोरायच्या मशीनची किरकिर असल्यामुळे कामातून मोकळे झाले की त्यांना फक्त गाणं ऐकायचं असे. त्यासाठी त्यांनी एक खोली राखली होती. कमरेएवढे दोन स्पीकर, मध्ये अॅम्प्लिफायर, भिंतींना जाड पडदे, आणि बरोबर मधोमध एकच खुर्ची.

"स्पीकरमधून गुणगुण येते बाई," डॉक्टर म्हणाले. "मध्येच चरचरही होते. म्हणून ही मागवली." त्यांनी कपाटातून काळी मखमली पिशवी काढली. आत मनगटाएवढी जाड, विणलेलं आवरण घातलेली पॉवर केबल होती. तिचा जड प्लग जुन्या सॉकेटात नीट बसत नव्हता, म्हणून नवं सॉकेट हवं होतं.

अर्थिंगबाईने केबल दोन्ही हातांनी तोलून पाहिली. "डॉक्टर, ही दीड मीटर. हिच्या मागे भिंतीत तीसेक मीटर साधी वायर आहे. त्याच्या मागे रस्त्यावरची, त्याच्या मागे आणखी किती कोणास ठाऊक. तिथून येतायेता जे बिघडायचं ते बिघडलंय. शेवटच्या दीड मीटरमध्ये काय सुधारणार?"

"पाणीही लांबून येतं," डॉक्टर म्हणाले. "गाळणी मात्र आपण नळालाच लावतो."

तिने केबल परत दिली आणि पेचकस काढला. मेन बोर्ड दवाखान्यात होता आणि खाली पेशंट बसलेले, त्यामुळे अर्थिंग बघायलाही मिळालं नाही. तिने दोन्ही प्लग बसतील असं मजबूत सॉकेट लावलं आणि जुनं आपल्या हत्यारांच्या पिशवीत टाकलं. डॉक्टरांनी नवी केबल जोडली, गाणं लावलं, डोळे मिटले.

"ऐका," ते म्हणाले. "ती श्वास घेते तोसुद्धा ऐकू येतोय."

अर्थिंगबाई पडद्याजवळ उभी होती. गुणगुण होतीच, पण चरचर गेली होती. आणि गाणारीचा श्वास खरंच ऐकू येत होता.

घरी येईस्तोवर ती अस्वस्थ होती. नवरा कोटाची बाही उसवत बसला होता.

"अहो, मला फरक ऐकू आला."

"मग असेल फरक."

"असू शकत नाही. तेच तर."

"तुझे कान खोटं बोलत नाहीत," तो म्हणाला. "पण त्यांना कशाने काय झालं ते कळतं का?"

ती उठली आणि पिशवीतलं जुनं सॉकेट काढून उघडलं. आत काजळी जमली होती. प्लगची पिन धरून ठेवणाऱ्या पितळी पट्ट्या गरम होऊन होऊन फाकल्या होत्या. आत गेलेली पिन नुसती लटकत असणार. चरचर तिथली होती.

तिने तेव्हाच फोन लावला. फोन डॉक्टरांच्या बायकोने घेतला. त्या शाळेत गणित शिकवायच्या, सगळे त्यांना मॅडम म्हणत. सगळं ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "ताई, रविवारी या. दवाखाना बंद असतो. आपण सरळ परीक्षाच घेऊ."

रविवारी सकाळी मॅडमनी अॅम्प्लिफायरच्या पुढे चादर टांगली. डॉक्टर खुर्चीत, अर्थिंगबाई चादरीमागे जुनी आणि नवी केबल घेऊन. सॉकेट दोन्हींना तेच. बाहेरच्या खोलीत मॅडम नाणं उडवणार, छापा आला तर जाड केबल, काटा आला तर जुनी, आणि आत येऊन चिठ्ठी चादरीखालून सरकवणार. दर खेपेला तेच गाणं, दहा खेपा.

पहिल्या तीन खेपा डॉक्टर बरोबर निघाले. "हे काय सांगायची गोष्ट आहे," ते म्हणाले. चौथ्या खेपेला चिठ्ठीवर पुन्हा जुनीच केबल आली. अर्थिंगबाईने तीच काढून तीच लावली आणि डॉक्टर खुर्चीतून म्हणाले, "आता बघा, आवाज एकदम मोकळा झाला. ही नवी." चादरीमागे तिने ओठ दाबून धरले. पुढे त्यांचा सूर हळूहळू उतरत गेला. नवव्या खेपेला त्यांनी "जरा पुन्हा लावता का" असं तीनदा विचारलं.

मॅडमनी गुणांचा कागद वाचला. "दहापैकी चार. तुमच्या जागी नाणं बसवलं असतं तर पाच आले असते."

डॉक्टर खुर्चीतून उठले. मग अर्थिंगबाईला म्हणाले, "तुम्ही बसा. तुमचे कान माझ्यापेक्षा तयार आहेत."

ती बसली. डॉक्टरांनी केबली बदलल्या. तिचे सहा आले. डॉक्टरांचा चेहरा उजळला, पण तिनेच मान हलवली. "खरं सांगू? निम्म्या वेळा मी अंदाजाने ठोकून दिलं. मला काही कळत नव्हतं."

"मग त्या दिवशी मी जे ऐकलं ते काय होतं?" डॉक्टरांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, थोडं वाईट वाटलेलं होतं.

"ते खरं होतं. मीही ऐकलं. पण ते काम केबलने केलं नाही, याने केलं." तिने काजळलेलं जुनं सॉकेट त्यांच्या तळहातावर ठेवलं. डॉक्टरांनी ते खिडकीपाशी नेऊन आत वाकून पाहिलं, अगदी पेशंटच्या तोंडात पाहावं तसं.

"पार किडलंय," ते म्हणाले, आणि तिघंही हसली.

"आता गुणगुण," अर्थिंगबाई म्हणाली. "मेन बोर्ड दाखवा."

दवाखान्यात बोर्ड उघडला तेव्हा अर्थिंगची वायर स्क्रूतून निसटून नुसती टेकून उभी होती. शिवाय वरच्या गाण्याच्या खोलीची लाइन आणि खाली दातांच्या मशीनला हवा पुरवणाऱ्या कंप्रेसरची लाइन एकच. गुणगुण इथूनच वर जात होती. तिने अर्थिंग घट्ट केलं, बाहेर अर्थिंगची तार जमिनीत पुरतात त्या खड्ड्यापर्यंत तपासून आली, आणि पुढच्या दोन दिवसांत बोर्डापासून थेट गाण्याच्या खोलीपर्यंत वेगळी लाइन टाकली.

ती जोडून झाल्यावर डॉक्टरांनी अॅम्प्लिफायर चालू केला. गाणं लावलं नव्हतं. ते स्पीकरला कान लावून उभे राहिले, मग दुसऱ्याला. "बंद तर नाही ना पडला?" त्यांनी हळूच विचारलं.

"गाणं लावा म्हणजे कळेल."

त्यांनी लावलं आणि स्वतः न बसता खुर्ची तिच्याकडे सरकवली. गिऱ्हाइकाच्या घरी ती कधी बसत नसे. त्या दिवशी पूर्ण गाणं संपेपर्यंत बसली, पक्कड मांडीवर तशीच राहिली. गाणं तिने रेडिओवर शंभरदा ऐकलेलं होतं, पण त्यात मागे कोणीतरी इतकं हळू तंबोरा छेडतंय हे तिला आजवर माहीतच नव्हतं.

जाड केबल डॉक्टरांनी काढली नाही. "दिसते छान," ते म्हणाले. तिनेही वाद घातला नाही.

डॉक्टरांसारखे गाण्याचे वेडे शहरात आणखी सात-आठ होते, महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी जमणारे. त्यांच्यात ही गोष्ट डॉक्टरांनीच पसरवली, स्वतःचे चार गुणही न लपवता. त्यांची कामं तिला मिळू लागली. कोणी केबल पुढे केली तर ती जोडून देई. आणि कोणी विचारलंच, तर म्हणे, "माझ्या पाहण्यातल्या घरात फरक पडला नाही. तुमच्या घरी चादर टांगून बघा." दोघांनी टांगली. एकाने केबल परत केली, दुसऱ्याने आणखी एक घेतली.

डॉक्टरांच्या घरी बैठक होती तेव्हा तिला नवऱ्यासकट बोलावणं आलं. त्याने आधी सगळ्या पडद्यांच्या शिवणी तपासल्या, एका पडद्याची दुमड वाकडी असल्याचं मॅडमना सांगितलं आणि मग मधल्या खुर्चीत बसला. दुसऱ्या गाण्याला तो गाढ झोपला. डॉक्टर आवाज कमी करायला उठले, तर अर्थिंगबाईने त्यांना हातानेच थांबवलं.

"राहू द्या," ती कुजबुजली. "आवाजात खोट असती तर हे केव्हाच उठले असते."